पाशाला हात लावू नका

नार्दू हा माझ्या बहिणीचा नवरा. हे लग्न मीच जुळवलं, त्यामुळे त्याच्या वाट्याच्या निम्म्या शिव्या आजवर मी खात आलोय. मी शमून. आमच्या बेटावर राज्य करणाऱ्या, संत जॉनच्या धर्मयोद्ध्या सरदारांच्या पंथाच्या 'सांता अगाता' या जहाजावर पिंपं बांधायचो. पाण्याचं, वाइनचं, खारवलेल्या मासळीचं, प्रत्येक पिंप माझ्या हातातलं. नार्दू त्याच जहाजावर कोंबड्या सांभाळायचा. ऐकणारे हसतात. हसा बापडे. दोन मजले तोफा असलेलं जहाज, वर संत जॉनचा पांढरा क्रूस फडकतोय, आणि आमच्या घरचा जावई पिछाडीच्या माळ्यावर खुराड्याशी बसलाय. पण तोफ उडली तर वर्षात एकदा उडायची. कोंबडी मात्र सरदारांना रोज लागायची.

हे सरदार म्हणजे साधीसुधी माणसं नव्हेत. गरिबीचं व्रत घेतलेले आणि चांदीच्या ताटात जेवणारे. फ्रान्सचे, स्पेनचे, इटलीचे, जर्मनीचे, मोठमोठ्या घरांतले धाकटे मुलगे. पंथात वर चढायचं तर चार वेळा समुद्रावर फेरी करायची, असा नियम. म्हणून दर उन्हाळ्यात असले दहा-पंधरा तरणेबांड सरदार आमच्या जहाजावर यायचे आणि पहिला आठवडा कठड्यावरून वाकून समुद्राला आपलं जेवण परत करायचे. एकदा पोट स्थिर झालं की भांडणं सुरू. पंथात देशांप्रमाणे सात गट, प्रत्येकाचा मान ठरलेला. मेजावर कोण कुठे बसणार, प्रार्थनेला कोण पुढे उभा राहणार आणि मुख्य म्हणजे कोंबडीची तंगडी कोणाच्या ताटात पडणार. मेजावर गट सात आणि कोंबडीला तंगड्या दोन. देवानेच तिथे पंथाचा विचार केला नव्हता, त्याला नार्दू काय करणार? तो रोज दोन-तीन जास्तीच्या कोंबड्या कापून शांतता राखायचा. या जहाजावर युद्ध कोणी टाळलं असेल तर ते माझ्या मेहुण्याने.

माणूस म्हणाल तर साधा. उंच, वाकलेला, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघणारा. आमच्या बिर्गू गावात प्रत्येक घराला टोपणनाव असतं, खरं आडनाव पाद्री सोडून कोणाला आठवत नाही. आमचं घर 'खिळेवाल्यांचं'. नार्दूचं घर 'एकट्याचं'. त्याच्या खापरपणजोबांच्या वेळी प्लेग आला होता. पूर्वेकडून, लेव्हांटहून आलेल्या कापडातून आला, असं म्हणतात. कोणीतरी एक गठ्ठा लपवून उतरवला आणि कोणी विचारलं तर 'काही नाही' म्हणाला. नार्दूच्या घरातली बारा माणसं गेली, पाळण्यातलं एक पोर उरलं. म्हणून 'एकट्याचे'. नार्दू हे कधी सांगत बसायचा नाही, पण रस्त्यात कापडाचा गठ्ठा पडलेला दिसला की वळसा घालून जायचा.

आता लग्नाची गोष्ट. आमच्याकडे मुलगी देताना एक अट घालतात, अजूनही घालतात: नवऱ्याने दर वर्षी बायकोला मनार्याच्या जत्रेला न्यायचं. जूनच्या शेवटी संत पीटर आणि संत पॉलचा सण. सगळा देश बुस्केटच्या झाडीत जमतो, गाणी म्हणतो, गाढवांच्या शर्यती बघतो आणि वाइनमध्ये मुरवलेला ससा तळून खातो. नार्दूने पाद्रीसमोर छातीवर हात ठेवून कबूल केलं, "दर वर्षी नेईन." मी साक्षीला उभा होतो. आणि दर वर्षी मनार्याच्या दिवशी हा माणूस कुठेतरी ट्युनिसच्या पलीकडे कोंबड्यांना दाणे टाकत असायचा. जहाजाची फेरीच मुळी उन्हाळ्यात. हे त्याला लग्नाच्या वेळी माहीत नव्हतं का? होतं. मला माहीत नव्हतं का? जाऊ द्या.

माझी बहीण दुमिंका बोलायला कमी नाही. पण ज्या वर्षी ती ओरडायची थांबली, त्या वर्षी मला भीती वाटली. जत्रेत बायकांनी तिला छेडलं होतं. "दुमिंकाचा नवरा म्हणजे वादळात डोलकाठीवर दिसणारा उजेड गं. खलाशी म्हणतात दिसला, आपण काही पाहिला नाही." ती हसली म्हणे. घरी येऊन तिने सशाचं भांडं तसंच कुत्र्यापुढे ठेवलं.

त्या एप्रिलमध्ये जहाज निघायच्या दिवशी ती धक्क्यावर आली ती काखेत कोंबडा घेऊन. दुमिंकाच्या कोंबड्या आसपासच्या चार गावांत नावाजलेल्या. हा कोंबडा तिने चिमणीएवढा असल्यापासून वाढवला होता, नाव पाशा. लाल-काळा, तुऱ्याने मिजासखोर, आणि तिच्याशिवाय कोणाला जुमानत नसे.

"हा घे," ती नार्दूला म्हणाली. "तुझ्या कोंबड्या अंडी देत नाहीत म्हणतोस ना? हा असला की देतील. मनार्याच्या आत हा मला परत हवा. तूही हवास."

"जहाज माझ्या हातात आहे का, दुमिंके?"

"ते तू पाद्रीला सांगायचं होतंस. या वर्षी आला नाहीस तर तुझी पेटी धक्क्यावर आणून ठेवते आणि मी झेब्बुजला आईकडे जाते. कायमची." मग माझ्याकडे वळली. "आणि तू रे शमून, दात काढू नकोस. तुलाही मी ओळखते."

मी दात काढत नव्हतो. उन्हामुळे तोंड तसं झालं होतं.

ती फेरी म्हणजे नुसता कंटाळा. शत्रूचं एक गलबत दिसलं नाही. कप्तान फ्रा बाल्तासार, 'फ्रा' म्हणजे व्रत घेतलेला बंधू, हा स्पेनमधल्या कास्तीलचा म्हातारा सरदार. पायाला संधिवात, तोंडाला शिस्त. त्याला लढाई नसल्याचं दुःख नव्हतं. दुःख होतं फ्रा आन्सेल्मला. हा फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचा पोरगा, त्याची ही चौथी आणि शेवटची फेरी, आणि अंगावर अजून एक ओरखडा नाही. रोज सकाळी आरशासारखी चमकणारी तलवार घेऊन डेकवर फिरायचा आणि क्षितिजाकडे असा बघायचा, जणू शत्रूने त्याचे पैसे बुडवलेत. नार्दू मात्र खुशीत. कोणाशी गाठ पडली नाही म्हणजे बंदरात गेल्यावर आरोग्याचे अधिकारी अडवणार नाहीत. आमच्याकडे त्याबाबत फार कडक कायदा. पूर्वेकडच्या कुठल्याही गलबताला स्पर्श झाला, माणसाला माणूस, दोराला दोर लागला, तरी सगळ्या जहाजाने चाळीस दिवस लाझारेटच्या बेटावर काढायचे. लाकूड, लोखंड, धान्य एकवेळ चालतं. पण कापड, लोकर आणि पिसं यांत रोग दडून बसतो म्हणतात.

पिसं. हे लक्षात ठेवा.

परतीच्या वाटेवर, घर चार-पाच दिवसांवर राहिलं असताना, वारा पडला. समुद्र तेलासारखा. जवळच एक व्यापारी गलबत तसंच अडकलेलं, तुर्कांच्या इझ्मिरहून आलेलं, वर रोगाच्या संशयाचं पिवळं निशाण. त्यांची होडी पाणी मागायला आली, पण नियमाप्रमाणे लांब थांबली. कप्तान म्हणाला, ख्रिस्ती माणूस तहानेने मरता कामा नये. मग काय, माझ्या पिंपांतलं सगळ्यात चांगलं पिंप, ओकच्या लाकडाचं, गेल्याच हिवाळ्यात बांधलेलं, पाणी भरून समुद्रात सोडलं. दोर कापून टाकला, परत ओढायचा नाही. त्यांनी ते तरंगत्याचं उचलायचं. दानधर्म पंथाचा आणि पिंप माझं. सगळे सरदार कठड्याशी गर्दी करून हे पुण्य बघत होते, मी माझं पिंप बघत होतो, आणि पिछाडीकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

तिथे काय झालं ते मला पुढे कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, उगीच जीव टांगणीला नको. पिंप उचलून ती होडी आमच्या पिछाडीखालून वळली. होडीत एका टोपलीत दोन कोंबड्या होत्या. त्या कलकलल्या. पाशाने मान वर केली, खुराड्याचं दार नार्दूने साफसफाईसाठी उघडलेलं, आणि साहेब पंख फडफडवत गेले ते थेट खाली होडीत, टोपलीवर. होडीतल्या माणसाने शिवी घातली, पाशाला दोन्ही पायांना धरलं आणि गरगर फिरवून वर फेकला. नार्दूने काय करावं? फेकलेली वस्तू माणूस झेलतो. त्याने झेलला.

मग तो कोंबडा छातीशी धरून उभा राहिला. इझ्मिरचा हात पाशाला लागला, पाशा त्याला लागला, आणि पाशा म्हणजे नखशिखांत पिसं. पाहिलं कोणीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून नार्दू वेड्यासारखा वागायला लागला. आमच्याबरोबर एका थाळ्यात जेवेना. दाणे-पाणी करून पिछाडीवरच बसून राही, तिथेच झोपे. कोणी जवळ गेलं की दोन पावलं मागे सरे. मी म्हटलं, "अरे, काय झालंय तुला?"

"काही नाही. तू लांब हो, शमून."

"मला अंगाचा वास येतोय का?"

"लांब हो म्हणतो ना."

अंगाचा वास त्यालाच येत होता. सकाळ-संध्याकाळ तो पाशाला व्हिनेगरने आंघोळ घालायचा, स्वतःही लावायचा. जहाजाची पिछाडी लोणच्याच्या बरणीसारखी झाली. आमचा धर्मगुरू भोळा. त्याला वाटलं, नार्दूला वैराग्य आलं. त्याने संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं. "बघा, एक साधा कोंबडेवाला एकांत, उपास आणि मौन पाळतोय, आणि आपण?" सरदारांनी माना खाली घातल्या. नार्दूने खुराड्यामागे तोंड लपवलं.

पण खरी पंचाईत मेजावर झाली. नार्दूने कोंबड्या देणंच बंद केलं. पहिल्या दिवशी शुक्रवार होता, मांस वर्ज्य, निभावलं. शनिवारही निभावला. रविवारी सरदारांनी नॅपकिन गळ्यात अडकवले आणि पुढ्यात आलं शिजवलेलं पावट्याचं कालवण. सोमवारी पुन्हा पावटे. मंगळवारी सातही गट एक झाले. पंथाला इतक्या पिढ्यांत जे जमलं नव्हतं ते पावट्यांनी जमवलं. फ्रान्स आणि स्पेन खांद्याला खांदा लावून पिछाडीवर चढले, पुढे फ्रा आन्सेल्म.

"कोंबड्या कुठे आहेत?"

"आजारी आहेत, सिन्योर," नार्दू म्हणाला.

"मला तर ठणठणीत दिसतात."

"आतून आजारी आहेत."

"हे बघ, एकट्याच्या पोरा," आन्सेल्मने एव्हाना आमची टोपणनावं शिकून घेतली होती, "आम्ही धर्मासाठी रक्त सांडायला निघालेली माणसं आहोत. पावट्यांवर रक्त होत नाही." असं म्हणून त्याने खुराड्याचं दार उघडलं, आणि पाशाने त्याच्या पोटरीला अशी चोच मारली की रेशमी मोज्यातून रक्त आलं. चौथ्या फेरीतली पहिली जखम. पोराला राग यावा की आनंद व्हावा ते कळेना. तो लंगडत गेला आणि सगळ्यांना मोजा दाखवत सुटला. नार्दू मात्र पांढराफटक पडला. मी खालून बघत होतो, मला वाटलं सरदाराला दुखावलं म्हणून घाबरला.

तो मनात हिशेब मांडत होता, हे मला नंतर कळलं. पाशा खातोय, पितोय, आरवतोय. मलाही ताप नाही. बंदर येईपर्यंत असंच राहिलं तर कोणाला कशाला सांगायचं? सांगितलं तर दुमिंका गेली. बायको जाणार, आणि तीही एका कोंबड्यापायी, असं त्याने स्वतःलाच हजार वेळा बजावलं असेल.

मनार्याच्या आदल्या सकाळी आम्ही मोठ्या बंदरात नांगर टाकला. व्हॅलेटाच्या धक्क्यावर लाकडी कठडा असतो, त्याच्या अलीकडे आलेला माणूस, पलीकडे आरोग्याचे अधिकारी. कप्तान शपथ घ्यायला होडीतून निघाला. बरोबर फ्रा आन्सेल्म, जखमेसकट. खुराडं उतरवायचं म्हणून नार्दू, आणि रिकाम्या पिंपांसाठी मी. कठड्यामागे बिर्गूतल्या बायका उभ्या. पुढच्याच रांगेत काळी ओढणी घेतलेली दुमिंका. मागे आमच्या काकांची गाढवगाडी, फुलांनी सजवलेली. तिने दुरून नार्दूला पाहिलं आणि हसली. इतक्या वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती. ओरडून म्हणाली, "ससा कालपासून मुरत घातलाय. लसूण जास्त घातलाय, तुला आवडतो तसा."

नार्दूने हात वर केला आणि तो तसाच राहिला.

आरोग्याचा अधिकारी म्हणजे पंथातलाच एक म्हातारा सरदार, हातात लांब चिमटा, समोर व्हिनेगरचं भांडं आणि बायबल. त्याने कप्तानाला विचारलं, "वाटेत कोणाला स्पर्श?" कप्तानाने पिंपाची हकीकत सांगितली. दोर कापला, परत घेतला नाही. "बाकी कोणालाही नाही," म्हणून त्याने हात वर करून शपथ घेतली. म्हाताऱ्याने मान डोलावली. मग सवयीने, जांभई देत, होडीतल्या आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाला, "आणि तुमच्यापैकी कोणाला? असेल तर बोला, नसेल तर घरी जा. उद्या सण आहे."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आमची आजी म्हणायची. पण इथे कोंबडं झाकायलाही लागत नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गाडी तयार, ससा तयार, बायको चार हातांवर. मी खुराडं उचलायला वाकलोसुद्धा.

"याला हात लावू नकोस," नार्दू मला म्हणाला. मग उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याच्या पायांकडे न बघता बोलला. "सिन्योर, मला स्पर्श झालाय." आणि त्याने सगळं सांगितलं. होडी, टोपली, फेकलेला पाशा, झेललेला पाशा. एक गोष्ट वगळली नाही, अगदी पोटरीच्या जखमेपर्यंत.

कप्तान बाल्तासार हळूहळू उठला, संधिवाताने कण्हला. "मी घेतलेली शपथ परत घेतो," तो म्हणाला. "नार्दू, बस खाली." इतकंच. फ्रा आन्सेल्मने आपल्या पोटरीकडे पाहिलं. इतके दिवस मिरवलेली ती जखम. मग तो पिंपावर बसला, आणि पिंप रिकामं असल्याने कलंडला, आणि कलंडताना त्याचा बूट खुराड्याला लागला. दार उघडलं. बाहेर कोण आलं ते सांगायला नको.

पाशाने एकदा बांग दिली आणि उडून थेट कठड्यावर बसला. पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. तुर्कांच्या तोफांपुढे न हटलेला पंथ एका कोंबड्यापुढून पळाला. म्हातारा अधिकारी चिमटा टाकून मागे, पहारेकरी त्याच्या मागे, बायका किंचाळत गाडीच्या आड. व्हिनेगरचं भांडं उपडं. "हात लावू नका. याला कोणी हात लावला तर सरळ लाझारेट," म्हातारा ओरडत होता. पहारेकरी बंदूक रोखतोय, पण मागे सगळं गाव उभं, गोळी मारायची कुठे? पाशा कठड्यावर इकडून तिकडे चालतोय, जणू पलटणीची पाहणी.

आणि मग त्याला दुमिंका दिसली. ती एकटीच जागची हलली नव्हती. तो धप्पकन खाली उतरला आणि तुरुतुरु तिच्याकडे निघाला, लहानपणी दाण्यांसाठी जायचा तसा.

"बाई, मागे सर," अधिकारी ओरडला. "हात लावलास तर चाळीस दिवस आत."

दुमिंकाने नार्दूकडे पाहिलं. मला वाटलं, आता पेटी. आता झेब्बुज. तिचा चेहरा लाल झाला होता, डोळे भरले होते आणि राग तर असा की मी पिंपाआड सरकलो.

"किती दिवस म्हणालात?" तिने विचारलं.

"चाळीस."

"आणि हा माणूसही तिथेच? चाळीस दिवस? कुठे जाऊ शकणार नाही?"

"एक पाऊलही नाही."

"जहाज येऊन नेणार नाही?"

"बाई, जहाजच तिथे अडकणार आहे."

दुमिंकाने वाकून पाशाला उचललं, नेहमीसारखं काखेत घेतलं आणि म्हणाली, "बोला. कुठे बसायचं?"

आम्ही चारशे माणसं लाझारेटला गेलो आणि चारशे माणसांनी नार्दूला मनात शिव्या घातल्या. मीही घातल्या, कशाला खोटं बोलू? माझीही बायको गाडीमागे होती, आणि ती काही पुढे आली नाही. पण तोंडावर कोणी बोललं नाही, कारण कप्तानाने पहिल्याच दिवशी सांगितलं, "या माणसाला जो बोलेल तो माझ्याशी बोलेल." तो स्वतःही पुढे चाळीस दिवस नार्दूशी एक शब्द बोलला नाही. फ्रा आन्सेल्म दर तासाला पोटरी तपासायचा. त्याला काही झालं नाही, कोणालाच काही झालं नाही. पण हे त्या सकाळी कोणाला माहीत होतं?

लाझारेटात बाहेरून आत खाणं यायला बंदी नसते, आतून बाहेर जायला असते. मनार्याच्या संध्याकाळी आईने सशाचं भांडं टोपलीतून पाठवलं. दूर टेकडीवर आमच्या जुन्या राजधानीच्या, मदिनाच्या तटावर सणाचे दिवे लागले, ते बेटाच्या गच्चीवरून दिसतात. नार्दूने गच्चीवर बसून ससा खाल्ला, दुमिंकाने खाल्ला, पाशाने हाडं विस्कटली. मला एक तुकडा मिळाला. लसूण खरंच जास्त होता.

"अट पुरी झाली का गं?" मी विचारलं.

"दिवे दिसतायत," दुमिंका म्हणाली. "गाढवं खाली जहाजात आहेत. पुरी झाली."

पुढच्या वर्षी जहाज वेळेवर आलं, कोणाला न लागता. नार्दूने खरोखर तिला गाडीत बसवून बुस्केटला नेलं. पण तिथे जहाजावरचे सगळे लोक जमलेले. "ये रे कोंबडेवाल्या, तुझ्यामुळे कोंडलो होतो, आता वाइन पाज." एकाने ओढला, दुसऱ्याने ओढला, नार्दू हसत हसत गर्दीत गेला तो गेलाच. मी शोधत आलो तर दुमिंका संत्र्याच्या झाडाखाली एकटी, मांडीवर सशाचं भांडं.

"काय गं, शेवटी मिळाली ना जत्रा?"

"मिळाली." तिने झाकण उघडलं, परत लावलं. "शमून, लाझारेटात तो जेवताना माझ्याकडे बघायचा रे."

मी उठलो. गर्दीत घुसलो, नार्दूचं बखोट धरलं आणि त्याला खेचत आणून तिच्या शेजारी बसवला. "आता इथून हललास," मी त्याला म्हटलं, "तर पुढच्या फेरीला पाशाला मी स्वतः पिवळ्या निशाणाच्या गलबतावर सोडून येईन."

नार्दू हलला नाही. ससा तोवर गार झाला होता, पण दोघांनी मिळून तो संपवला.